कान आणि तोल यांवरचं संशोधन पहिल्यांदा मांडताना: पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी पायरी-पायरीने

श्रवण आणि तोल या विषयांत पीएचडी करणाऱ्यांना "कुठे काही मांडलंस का?" असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "अजून डेटा पूर्ण व्हायचाय." मग ते वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतले असोत, म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमधले असोत, की एखाद्या मेडिकल कॉलेजच्या ईएनटी विभागात बसून काम करणारे. गाईडला वाटतं विद्यार्थी तयार नाही, विद्यार्थ्याला वाटतं काम तयार नाही. शेवटी थिसिस जमा करायच्या वर्षी घाईघाईने दोन सर्टिफिकिटं गोळा केली जातात.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. काम अर्धं झालेलं असतानाच ते लोकांसमोर न्यावं. आपल्या विषयात निकाल बारीकसारीक गोष्टींवर ठरतो: इलेक्ट्रोड कुठे चिकटवला, कानात घालायचा इन्सर्ट फोन वापरला की हेडफोन, मान किती वळवायला सांगितली, खोलीत एसीचा आवाज होता का. सगळ्या चाचण्या उरकल्यावर कुणी यातला प्रश्न विचारला, तर फक्त 'मर्यादा' या परिच्छेदात एक ओळ वाढते. निम्म्या चाचण्या बाकी असताना विचारला, तर पद्धतच सुधारता येते.

माझ्या पहिल्या पोस्टरवर सर्व्हायकल वेम्पचे, म्हणजे मोठा आवाज ऐकवून मानेच्या स्नायूतला प्रतिसाद मोजणाऱ्या तोलाच्या चाचणीचे, आलेख होते. एक ज्येष्ठ बाई आल्या, शीर्षक वाचलंच नाही, थेट आलेखापाशी वाकल्या आणि उभ्या अक्षावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मायक्रोव्होल्ट कच्चे आहेत, की स्नायूच्या ताणाने भागलेले?" वेम्पचा प्रतिसाद मानेच्या स्नायूतून घेतात, त्यामुळे स्नायू जितका ताणलेला तितका आलेख मोठा दिसतो. वयस्कर माणूस मान जोरात वळवू शकत नाही. मग घट झाली ती कानातल्या सॅक्युल या तोलाच्या अवयवाची, की मानेतल्या ताकदीची? मी म्हटलं, दोन्ही आकडे लॅपटॉपवर आहेत. "मग दोन्ही दाखव. वाचणाऱ्याला ठरवू दे." थिसिसचा एक अख्खा भाग पुढे त्या एका वाक्यावर उभा राहिला. गाईड आणि मी मिळून महिनोन्‌महिने तेच आलेख बघत होतो, पण बाहेरच्या माणसाची नजर वेगळ्याच जागी जाते.

आता पायऱ्या.

## १. काय मांडायचं ते ठरवा

पूर्ण थिसिस मांडायची नसते. एक प्रश्न, एक उत्तर, एवढंच. चालण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत: पायलट अभ्यास, निरोगी माणसांवर काढलेली प्रमाण मूल्यं, एकच चाचणी दोनदा केल्यावर आकडे किती जुळतात ते, किंवा नवीन भाषेत तयार केलेली शब्दयादी. अपेक्षित फरक न दिसणं हाही निकालच आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला तर लोक थांबून ऐकतात.

क्लिनिकमध्ये दिसलेली विचित्र गोष्टही पुरते. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी कान धुताना पाहत होते, की पाणी थंड असलं तर रुग्णाला चक्कर येते आणि डोळे एका दिशेने उडतात. पाणी जास्त गरम झालं तर दिशा उलटते. आज आपण ३० आणि ४४ अंशांच्या पाण्याने जी कॅलोरिक चाचणी करतो तिचं मूळ त्या निरीक्षणात आहे. त्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. तुमच्या ओपीडीच्या वहीत समासात लिहिलेलं "असं का झालं?" एकदा शोधून काढा.

मराठी बोलणाऱ्यांवर काम करणाऱ्यांनी तर अजिबात मागे राहू नये. आपल्या भाषेत 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळे आहेत, ळ आणि ण आहेत. उंच स्वराची श्रवणशक्ती गेलेल्या माणसाला यातलं काय ऐकू येतं, हे इंग्रजी शब्दयाद्या वापरून कळणार नाही. हे काम आपणच करायचं आहे आणि आपणच मांडायचं आहे.

## २. गाईडशी आधीच बोलून घ्या

तीन गोष्टी लेखी ठरवा, म्हणजे ईमेलवर: लेखकांची नावं कुठल्या क्रमाने, कोणता डेटा बाहेर जाणार, आणि मसुदा कोण कधी वाचणार. गाईडना मसुदा शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पाठवू नका. किमान दोन आठवडे द्या.

एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र पुन्हा उघडून वाचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपण संमती घेतो, पण संमतीपत्रात "फोटो किंवा व्हिडिओ परिषदेत दाखवला जाईल" असं स्पष्ट लिहिलेलं असतं का? तोलावर काम करणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. तोलाच्या चाचण्यांत डोळ्यांच्या हालचालीचा व्हिडिओ घेतात, आणि तो ओळख पटण्याजोगा असतो. गॉगल घातलेला असला तरी खाली नाक, ओठ, दाढी दिसते. संमती नसेल तर फक्त डोळ्याच्या हालचालीचा आलेख दाखवा.

## ३. परिषद निवडा

पहिलं सादरीकरण आपल्याच विभागात करा, दुसरं देशात, आणि परदेश त्यानंतर.

देशात ऑडिओलॉजीवाल्यांसाठी इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनची इशाकॉन आहे. काम सर्जनना उपयोगी पडणार असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांची एओआयकॉन, आणि कॉक्लिअर इम्प्लांटवर, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवण उपकरणावर, असेल तर सिगिकॉन. श्रोते कोण असणार ते बघून निवडा. वेम्पचं विश्लेषण ऑडिओलॉजिस्टना जितकं भावेल तितकं सर्जनना भावणार नाही; त्यांना निदान बदललं का ते हवं असतं.

परदेशात असोसिएशन फॉर रिसर्च इन ओटोलॅरिंगॉलॉजीची मिडविंटर मीटिंग फेब्रुवारीत अमेरिकेत भरते. रोमपेशी (कानातल्या संवेदक पेशी), जनुकं, शरीरक्रियाशास्त्र असं मूलभूत काम तिथे जातं. तोल आणि चक्कर यासाठी बारानी सोसायटीची परिषद आहे, ती दर दोन वर्षांनी होते. २०२४ मध्ये ती स्वीडनच्या उप्सालाला झाली, जिथे बारानींनी नोबेलनंतरची वर्षं काढली. वर्ल्ड काँग्रेस ऑफ ऑडिओलॉजीही दोन वर्षांनी भरते. अमेरिकन ऑडिटरी सोसायटीच्या बैठकीत पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या पोस्टरपाशी अनुभवी संशोधक मार्गदर्शक म्हणून येतात, असा खास कार्यक्रम चालत आला आहे. असं काही आपल्याकडच्या प्रत्येक परिषदेत व्हावं असं मला मनापासून वाटतं.

सापळा: "आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन" बीजभाषणाचं आमंत्रण देणारे ईमेल. कार्डिओलॉजी, शेती आणि ऑडिओलॉजी एकाच हॉटेलात, फी मात्र डॉलरमध्ये. आयोजक समितीत तुम्ही वाचलेल्या शोधनिबंधांपैकी एकाही लेखकाचं नाव नसेल, तर सरळ डिलीट करा.

## ४. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट लिहा

साधारण २५० ते ३०० शब्द असतात. पार्श्वभूमी दोन वाक्यांत आटपा. श्रवणदोष ही मोठी समस्या आहे हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं. उरलेली जागा पद्धत आणि निकालाला द्या. निकालात आकडे हवेत. "निकालांवर चर्चा केली जाईल" असं लिहिलेला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट परीक्षक सहसा बाजूला ठेवतात. डेटा अर्धाच असेल तर तसं सांगा: "आतापर्यंत २२ सहभागी तपासले." यात कमीपणा काहीच नाही.

आपल्या विषयातले नेहमीचे खड्डे:

कान की माणसं? "४० कान तपासले" म्हणजे माणसं वीसच. एकाच माणसाचे दोन कान एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे ४० स्वतंत्र नोंदी असल्यासारखं गणित केलं तर निकाल खऱ्यापेक्षा ठळक दिसतो. एक कान निवडा, नाहीतर दोन्ही कानांचा संबंध लक्षात घेणारं मॉडेल वापरा. यासाठी संख्याशास्त्र जाणणाऱ्याला आधीच गाठा.

कुठलं डेसिबल? नुसतं "९५ डेसिबल" निरर्थक आहे. एचएल (निरोगी कानाच्या तुलनेत), एनएचएल (तसंच, पण क्लिकसारख्या छोट्या आवाजांसाठी) की एसपीएल (हवेतला प्रत्यक्ष दाब), ते प्रत्येक आकड्यापुढे लिहा. वेम्पच्या तीव्र आवाजांबाबत तर हा सहभागींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

सगळी संक्षिप्त रूपं. बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदूचा खालचा भाग देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी) हा शब्द आपल्या ओपीडीत रोजचा, पण बाहेर एबीआर म्हणतात. पहिल्यांदा पूर्ण नाव द्या.

फॉर्म भरताना "विद्यार्थी पुरस्कार" किंवा "प्रवास साहाय्य" अशी छोटी चौकट असते. तिच्यावर खूण केली नाही तर नंतर कितीही विनवण्या करा, विचार होत नाही. शेवटच्या तासाला वेबसाइट मंदावते, तेव्हा दोन दिवस आधीच भरून टाका.

## ५. कागदपत्रं आणि पैसे

हे सगळं एका फोल्डरमध्ये, स्कॅन करून ठेवा:

- अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र
- एथिक्स कमिटीची मंजुरी
- पीएचडी नोंदणीचं पत्र आणि बोनाफाईड
- गाईडचं शिफारसपत्र आणि सहलेखकांची संमती
- विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र, नोकरी असल्यास ड्यूटी लीव्हचा मंजूर अर्ज
- रजिस्ट्रेशनची पावती, विद्यार्थी सवलत घेतली असल्यास ओळखपत्र
- परदेश असेल तर पासपोर्ट, निमंत्रणपत्र, खर्च कोण करणार त्याचा पुरावा

पैशासाठी आधी विद्यापीठाचा प्रवास निधी विचारा. बऱ्याच ठिकाणी तो असतो आणि कुणी मागत नाही म्हणून पडून राहतो. परदेशासाठी आयसीएमआर, सीएसआयआर आणि एएनआरएफ, म्हणजे आधीचं एसईआरबी, यांच्या योजना पाहा. अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी संस्थेच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचा. गेल्या वर्षीच्या सीनिअरने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिने लागतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवलात त्याच दिवशी पासपोर्टची मुदत तपासा.

नियमाची एक गोष्ट: यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत थिसिसआधी परिषदेत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ती सक्ती राहिली नाही, पण विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात. तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचा आणि प्रत्येक सर्टिफिकिट जपून ठेवा.

## ६. पोस्टर

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पोस्टरच मागा. दहा मिनिटांच्या भाषणाला दोन प्रश्न मिळतात; पोस्टरपाशी तासभर प्रश्नच प्रश्न.

आधी आकार आणि उभं की आडवं, ते आयोजकांच्या सूचनेत बघा. परदेशात ए-झीरो, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर, बऱ्याचदा असतो. आपल्याकडे फुटांत सांगतात. फ्लेक्सवाल्याकडे पीडीएफ न्या, पॉवरपॉइंटची फाइल नेली तर तिथल्या संगणकावर फॉन्ट बदलतात आणि मायक्रोव्होल्टचं चिन्ह चौकोन होऊन छापलं जातं. विमानाने जाणार असाल तर कापडावर छापून घ्या, घडी घालून बॅगेत बसतं.

मजकूर कमी, आलेख मोठे. दोन मीटरवरून शीर्षक आणि मुख्य निष्कर्ष वाचता आले पाहिजेत. निष्कर्ष वरच लिहा, खालच्या कोपऱ्यात नको. गर्दीत खालचा कोपरा कुणालाच दिसत नाही.

रंगांची शिस्त पाळा. ऑडिओग्रामवर उजवा कान लाल आणि गोल, डावा निळा आणि फुली. जगभरचे ऑडिओलॉजिस्ट हे न वाचताच समजतात. तुम्ही केवळ सुंदर दिसावं म्हणून रुग्णांचा गट लाल आणि निरोगी गट निळा केलात, तर बघणारा पहिली दोन मिनिटं उजवा-डावा कान समजून वाचणार. गटांना दुसरेच रंग द्या. बेरा किंवा वेम्पच्या तरंगांशेजारी मोजपट्टी हवीच: इतके मायक्रोव्होल्ट, इतके मिलिसेकंद, आणि धन बाजू वर की खाली.

पोस्टरपाशी उभं राहून सांगायची एका मिनिटाची गोष्ट पाठ करू नका, पण मोठ्याने सांगून बघा. घरच्यांना सांगा. आईला किंवा भावाला "म्हणजे तू नेमकं काय शोधलंस?" असं विचारावं लागलं, तर अजून काम बाकी आहे.

## ७. भाषण असेल तर

दहा मिनिटांना आठ-नऊ स्लाइड पुरतात. इंग्रजी अडखळत असेल तर पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं लिहून काढा, बाकी स्लाइड बघून बोला. उच्चाराची लाज बाळगू नका. सावकाश बोललात की पुरे.

आवाज. इम्प्लांटमधून बोलणं कसं ऐकू येतं ते दाखवायला आपण व्होकोडरमधून (आवाजातला बारीक तपशील काढून टाकणाऱ्या प्रक्रियेतून) काढलेलं ध्वनिमुद्रण ऐकवतो. लॅबच्या हेडफोनवर जे स्पष्ट असतं ते सभागृहाच्या घुमणाऱ्या स्पीकरवर ओळखू येत नाही. डब्ल्यूएव्ही फाइल न्या, ब्लूटूथ टाळा, आणि सत्र सुरू व्हायच्या आधी सभागृहात जाऊन मागच्या रांगेत बसून ऐका. तंत्रज्ञाला "आवाज येतोय ना?" एवढंच विचारून परत येऊ नका.

डोळ्यांचा व्हिडिओ. डोकं झटक्यात फिरवण्याच्या चाचणीत तो झटका साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो पाच-सहा फ्रेममध्ये संपतो, आणि मागे राहिलेल्या डोळ्याने त्यानंतर मारलेली सुधारणेची उडी तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होऊन जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली, दाबून लहान केलेली फाइल वापरली तर तीही दिसत नाही. मूळ फाइल घ्या, एकदा नेहमीच्या वेगात आणि एकदा संथ दाखवा, शेजारी गेनचा (डोकं फिरलं त्या मानाने डोळा किती फिरला त्याचा) आकडा आणि आलेख ठेवा.

## ८. ऐकणाऱ्यांचा विचार

हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण आपल्याच परिषदांत याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. सभागृहात श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट वापरणारे लोक असतात: संशोधक, पालक, स्वतः रुग्ण. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" असं म्हणून बोलायला सुरुवात करणारे ऑडिओलॉजिस्ट मी पाहिले आहेत आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे. माइक घ्याच. सभागृहात इंडक्शन लूप (आवाज चुंबकीय लहरींनी पाठवणारी तार) असेल तर टेलिकॉइलवर, म्हणजे त्या लहरी पकडणाऱ्या सेटिंगवर, ठेवलेल्या यंत्रात माइकमधलाच आवाज पोचतो. तोंड श्रोत्यांकडे ठेवा. पडद्याकडे वळून बोललात तर ओठ वाचणाऱ्याची वाट बंद होते. प्रश्न आला की तो माइकवर पुन्हा म्हणा आणि मग उत्तर द्या.

पॉवरपॉइंटमध्ये बोलणं सोबतच उमटवणारी अक्षरं चालू करता येतात. ती तांत्रिक शब्द चुकवतात, म्हणून महत्त्वाचे शब्द आणि आकडे स्लाइडवर आधीच लिहिलेले असू द्या.

तोलाच्या सत्रात चक्करचे रुग्णही बसलेले असू शकतात. फिरत, झूम होत येणाऱ्या स्लाइड, पट्टे सरकवणारे व्हिडिओ, थरथरणारा लेसरचा ठिपका यांनी व्हेस्टिब्युलर मायग्रेन (चक्कर आणणारी अर्धशिशी) असलेल्यांना खरोखर त्रास होतो. स्लाइड साध्या बदलू द्या. पट्ट्यांचा व्हिडिओ दाखवणं गरजेचंच असेल तर आधी सांगा: "पुढचे दहा सेकंद पडद्यावर हालचाल आहे, नको असेल त्यांनी नजर खाली घ्यावी."

## ९. प्रश्न

प्रश्न पूर्ण ऐका. समजला नाही तर "म्हणजे तुम्हाला अमुक विचारायचंय का?" असं विचारा. माहीत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही, तुमचा ईमेल देता का?" असं म्हणा. यापुढे काही सारवासारव नको.

बहुतेक प्रश्न ठरलेले असतात, त्यांची एकेक स्लाइड शेवटी जादा ठेवा: कॅलिब्रेशन कधी केलं, संदर्भ इलेक्ट्रोड कुठे होता, मधल्या कानाचा दोष वगळला का, वय जुळवलं का, पुनर्चाचणीत आकडे किती हलले. चढ्या आवाजात विचारलेला प्रश्नही पद्धतीबद्दलचाच असतो. तो वहीत लिहून घेतला की त्यातला सूर गळून जातो आणि प्रश्न तेवढा उरतो.

## १०. परत आल्यावर

त्याच रात्री, झोपायच्या आधी, कोण काय म्हणालं ते लिहून काढा. ज्यांनी ईमेल दिला त्यांना आठवड्याच्या आत पोस्टरची पीडीएफ आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवा. हेच लोक पुढे सहकारी होतात, परीक्षक होतात, पोस्टडॉकची जागा निघाली की कळवतात.

बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, टॅक्सीच्या पावत्या, उपस्थितीचं सर्टिफिकिट मूळ प्रतीत हिशेब विभागाला लागतात. देण्याआधी फोटो काढून ठेवा.

आणि शोधनिबंध. परिषदेत मांडलेला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे प्रकाशन नव्हे, पूर्ण लेख लिहायचाच आहे. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट एखाद्या नियतकालिकाच्या पुरवणीत छापला गेला असेल तर लेख पाठवताना संपादकांना पत्रात तसं कळवा; बहुतेक नियतकालिकांची त्याला हरकत नसते, पण लपवलेलं मात्र खपत नाही. वहीतल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरं डेटात आहेत ती लेखात घाला. ज्यांची नाहीत, त्यांच्यासाठी उरलेल्या सहभागींवर काय वेगळं मोजायचं ते पुढच्या चाचणीच्या आत गाईडसोबत बसून ठरवा. पद्धतीत बदल होत असेल तर एथिक्स कमिटीला आधी दुरुस्तीचं पत्र द्या, मंजुरी आली की मगच पुढचा सहभागी बोलवा.